खुणांनी ऑर्डर घेणारं हॉटेल: एका ऑटिस्टिक गिऱ्हाइकाचा अभिप्राय

आधी निकाल, मग पाल्हाळ. जेवण पाचात साडेतीन. वाढप पाचात पाच. आवाज पाचात दीड, आणि तेही कामाच्या दिवशी दुपारी साडेबाराला गेलात तर. इथले वेटर कर्णबधिर आहेत आणि ऑर्डर हातांच्या खुणांनी द्यायची असते. त्याबद्दल गहिवरून बोलणारे पुष्कळ भेटतात. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते ठेचा लावलेल्या पनीरमुळे. मला लिहायचंय ते वेगळंच. कर्णबधिर माणसांच्या सोयीनं मांडलेली ही जागा आम्हा ऑटिस्टिक लोकांना कुठे चपखल बसते आणि कुठे टोचते, याबद्दल.

'आम्ही' म्हणजे मी आणि माझा भाचा. मी ४१ वर्षांची, पुण्यात एका बँकेच्या बॅक ऑफिसात काम करते, निदान ३६व्या वर्षी झालं. मला बोलता येतं, कामापुरतं तर उत्तम येतं. पण गोंगाट असला, दमले असले किंवा दोन माणसं एकदम बोलायला लागली, की शब्द जिभेपर्यंत येतात आणि तिथंच ठाण मांडून बसतात. बाबू ११ वर्षांचा. तो बोलत नाही. त्याच्याकडे दोन हात, एक टॅब आणि भरपूर हट्ट आहे. त्याची आई, म्हणजे माझी ताई, ऑटिस्टिक नाही. बिल तीच देते.

पद्धत अशी आहे. मेन्यूकार्डात प्रत्येक पदार्थासमोर त्याच्या खुणेचं चित्र आहे. पहिल्या पानावर रोजच्या कामाच्या खुणा: पाणी, तिखट, कमी तिखट, अजून, बिल, धन्यवाद. टेबलाच्या कडेला बटण आहे, ते दाबलं की वर छोटा दिवा लागतो. वेटर येतो, समोर उभा राहतो आणि थांबतो. तुम्ही खूण करता, तो तीच खूण तुम्हाला परत करून दाखवतो, तुम्ही अंगठा वर करता, तो लिहून घेतो. मग पुढचा पदार्थ. मुंबईत पवईला २०१५ साली 'मिरची अँड माइम' हे असंच हॉटेल निघालं तेव्हा या प्रकाराचं लोकांना नवल वाटलं होतं. आता ते पुष्कळांच्या अंगवळणी पडलंय.

त्या थांबण्याबद्दल जरा लिहिते, कारण मी पैसे देते ते त्यासाठी. नेहमीच्या हॉटेलात वेटर एका दमात पाच पदार्थ म्हणून दाखवतो, मी तिसऱ्यावर असते तोवर त्याचं "और कुछ?" येतं, आणि माझ्या प्रश्नावर तो मान डोलावतो. मान उभी हलली की हो, आडवी हलली की नाही, इतपत मी पाठ केलंय. पण ती तिरकी डोलली की त्याचा अर्थ हो, बघतो, संपलंय, विचारून सांगतो, यातला कुठलाही असू शकतो. तो कसा ओळखायचा हे इतरांना जन्मतःच ठाऊक असावं, कारण कुणी शिकवताना दिसत नाही. इथे मान डोलतच नाही. अंगठा वर किंवा अंगठा खाली. आणि शंका राहिली तर वेटर पुढे जात नाही, कार्ड उलटं फिरवून चित्रावर बोट ठेवतो.

ऑटिस्टिक लोक हातवारे करत नाहीत, असा एक समज आहे. मी भरपूर करते. पण माझे हात शब्दांच्या मागून येतात. "एवढं मोठं होतं" म्हणून झालं, ऐकणारा पुढच्या वाक्यावर पोचला, की मग माझे हात पसरतात. अमेरिकेत ॲशली द मार्चेना आणि इंगे-मारी आइग्स्टी यांनी ऑटिस्टिक किशोरांना गोष्ट सांगायला लावून नेमकं हेच तपासलं होतं. २०१० साली त्यांनी लिहिलं की मुलांचे हातवारे संख्येनं इतरांइतकेच होते, मेळ चुकत होता तो बोलण्याच्या वेळेशी, आणि त्यामुळे ऐकणाऱ्याला गोष्ट कमी स्पष्ट वाटत होती. ते वाचून मला हायसं वाटलं होतं. आणि इथे या टेबलावर बसल्यावर लक्षात आलं, की मेळ लावायला इथे बोलणंच नाही. हात एकटेच आहेत. त्यांना कुणाच्या मागून धावायचं नाही. हाताला लागेल तेवढा वेळ हात घेतात आणि समोरचा तेवढा वेळ देतो, कारण त्याच्यासाठी तीच भाषा आहे.

माझ्या तपासणीच्या वेळी मला सांगितलं होतं, "समजा, समोरच्याला दात कसे घासतात हे ठाऊकच नाही. करून दाखवा." ऑटिझम ओळखण्यासाठीच्या एडॉस नावाच्या चाचणीत हा भाग असतो. हातांनी किती आणि कसं दाखवता येतं, हे त्यात बघतात. मी ब्रश मांडणीवरून काढण्यापासून सुरुवात केली, ट्यूबचं झाकण फिरवलं, नळ सोडला, नळ बंद केला. तपासणाऱ्या बाई मधेच "पुरे, पुरे" म्हणाल्या. परवा इथे मला दालच्या फोडणीत जिरं नको होतं. जिऱ्याची खूण कार्डात नाही. मग मी कढल्यात तेल ओतलं, दोन बोटांच्या चिमटीतून दाणे टाकले, ते तडतडून दाखवले, आणि त्या सगळ्यावर आडवा हात फिरवला. वेटर शेवटपर्यंत बघत राहिला. मग त्यानं माझी चिमूट तशीच्या तशी करून दाखवली, तिच्यावर फुली मारली आणि भुवया उंचावल्या. मी अंगठा वर केला. दाल बिनजिऱ्याची आली. बोलून सांगितलं असतं तर "हाँ मॅडम, हो जाएगा" मिळालं असतं आणि वर जिरं.

आडव्या हातावरून आठवलं. आपल्याकडे पंगतीत ताटावर आडवा हात धरण्याइतकी स्वच्छ खूण दुसरी नसेल. नको म्हणजे नको. पण वाढणारा बोटांच्या फटीतून जिलबी सोडतोच, कारण हात आडवा धरणं हा आग्रहाचाच भाग आहे असं त्याला वाटतं. लहानपणी प्रत्येक लग्नात मी याच कारणानं रडून उठायची, आणि मला उद्धट म्हणायचे. इथे एकदा आडवा हात धरला की वाटी परत जाते.

आता बाबू.

बाबूला काही हवं असलं की तो समोरच्याचं मनगट धरतो आणि तो हात त्या वस्तूवर नेऊन ठेवतो. तोंडाकडे बघत नाही, बोट दाखवत नाही, तुमचा हातच उचलून वापरतो. तपासणीच्या कागदांवर हे लक्षण म्हणून नोंदवतात. दुकानांत आणि हॉटेलांत लोक दचकून हात मागे घेतात, मग ताईकडे बघून हसतात. पहिल्या वेळी बाबूनं इथल्या वेटरचं मनगट धरून त्याचा पंजा लस्सीच्या फोटोवर ठेवला, तेव्हा ताई "सॉरी, सॉरी" म्हणत अर्धी उठली होती. वेटरनं हात सोडवला नाही. दुसऱ्या, मोकळ्या हातानं लस्सीची खूण केली आणि बाबूच्या तोंडासमोर न नेता फोटोच्या शेजारी, बाबूची नजर होती तिथे धरली. बाबूनं खूण केली नाही. मनगट मात्र सोडलं. लस्सी आली.

लस्सी आली तेव्हा बाबूनं नेहमीप्रमाणे दोन्ही हात खांद्याच्या वर नेऊन फडफडवले. आनंद झाला की तो हेच करतो, आणि बाहेर आम्हाला ठरलेली वाक्यं ऐकायला मिळतात: "काय होतंय त्याला?", "हात धरा त्याचे". कर्णबधिर मंडळींत टाळी वाजवत नाहीत. दोन्ही हात वर नेऊन पंजे हलवतात, तीच टाळी. वेटरला वाटलं पोरगं टाळ्या देतंय. त्यानंही हात वर करून परत दिल्या. मागच्या टेबलावरून दुसऱ्या वेटरनंही दिल्या. बाबू थांबला, दोघांकडे एकेकदा बघितलं आणि दुप्पट जोरानं फडफडला. गैरसमजच होता, पण मला त्यात दुरुस्ती करावीशी वाटली नाही. इंग्लंडमध्ये ऑटिस्टिक लोकांचा 'ऑटस्केप' नावाचा मेळावा भरतो, तिथेही टाळ्या अशाच, हात हवेत हलवून देतात. कारण कडकडाट आमच्यातल्या अनेकांना सहन होत नाही.

बाबूच्या टॅबवर 'जेलो' आहे, आयआयटी मुंबईत तयार झालेलं, फुकट आणि मराठीत बोलणारं ॲप. चित्रावर बोट ठेवलं की शब्द ऐकू येतो. शिवाय हो, नाही, आवडतं, आवडत नाही, अजून, कमी ही सहा बटणं कायम समोर असतात. एरवीच्या हॉटेलात बाबूनं "अजून" दाबलं की वेटर तो आवाज ऐकतो आणि ताईकडे वळून विचारतो, "अजून काय पाहिजे याला?" टॅबकडे नाही, बाबूकडे तर नाहीच. इथे वेटरला टॅबचा आवाज ऐकू येत नाही. मला वाटलं होतं, संपलं, आज ॲपचा काही उपयोग नाही. पण ऐकू येत नाही म्हणून तो वाकून पडद्याकडे बघतो. बोट कुठल्या चित्रावर आहे ते बघतो. म्हणजे बाबू काय म्हणतोय ते बाबूकडूनच घेतो. बोलणारं ॲप न ऐकणाऱ्या माणसाकडे जास्त चाललं, हे ताईला अजून पटत नाही. ती म्हणते, "अगं, तो वेटरच चांगला आहे." असेल. पण तीन वेगवेगळ्या वेटरांनी तेच केलं.

निघताना बाबू टाटा करतो तो तळवा स्वतःकडे करून. लोकांना वाटतं तो स्वतःलाच टाटा करतोय. दुसऱ्याचा तळवा त्याला जसा दिसतो तसाच तो आपला धरतो, एवढंच. ॲरन शील्ड आणि रिचर्ड मायर या संशोधकांनी २०१२ साली लिहिलंय की घरात पहिल्यापासून खुणांची भाषा असलेली ऑटिस्टिक मुलंसुद्धा काही खुणा अशाच तळवा उलटा करून करतात. इथल्या एका वेटरनं ते बघून आपला तळवा उलटवला आणि बाबूला बाबूच्या पद्धतीनं टाटा केला. बाबूच्या अंगावरून ते गेलं, तो लिफ्टच्या बटणाकडे निघाला होता.

इतकं गोड लिहिलं म्हणजे सगळं जमतं असं नाही. खुणांची भाषा अर्धी चेहऱ्यावर असते. "तिखट" ही खूण भुवया उंचावून केली की तो प्रश्न होतो, नुसती केली की विधान. मी हातांकडे बघते, चेहऱ्याकडे बघत नाही. चेहऱ्याकडे बघायला लागले की हातात काय चाललंय ते निसटतं. त्यामुळे वेटर विचारतो आणि मला वाटतं तो सांगतोय. तो उत्तराची वाट बघतो, मी पुढच्या खुणेची. दोघंही सभ्यपणे उभे. दुसरं असं की मी नजर दुसरीकडे वळवून जास्त नीट ऐकते. बोलणाऱ्या माणसांना ते एक वेळ चालतं. कर्णबधिर माणसासमोर नजर वळवणं म्हणजे त्याचं बोलणं चालू असताना कान बंद करणं. तिथला वयानं मोठा वेटर पहिल्या वेळी त्यानं दुखावला असावा असं मला त्याच्या हातांवरून वाटलं, ते आखडते झाले होते. पुढच्या खेपेपासून मात्र त्यानं हात चेहऱ्याजवळून खाली, मेन्यूकार्डाच्या बाजूला, माझी नजर असते तिथे आणले. आणि प्रश्नाला भुवयांऐवजी दोन बोटं दाखवायला लागला: हे की ते?

संशोधक डेमियन मिल्टन यांनी, जे स्वतः ऑटिस्टिक आहेत, २०१२ साली मांडलं की न समजणं दोन्ही बाजूंनी असतं, एकट्या आमच्यात नाही. २०२० साली एडिंबरा विद्यापीठातल्या कॅथरीन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी कानगोष्टींसारखा प्रयोग करून बघितला. आठ-आठ जणांच्या साखळीतून एक गोष्ट पुढे पाठवायची. सगळे ऑटिस्टिक असलेली साखळी बिगर-ऑटिस्टिक साखळीइतकीच नीट चालली, गोष्ट जास्त गळली ती मिश्र साखळीत. या हॉटेलातलं प्रत्येक टेबल मिश्र साखळीच आहे. तरी ते चालतं, कारण इथल्या वेटरांनी आयुष्यभर बघितलंय की समोरच्याला आपलं आपोआप कळत नाही. ते गृहीत धरत नाहीत. विचारतात, परत करून दाखवतात, थांबतात. बोलणाऱ्या माणसांना हे कष्ट कधी घ्यावे लागलेले नसतात, आणि ते दिसतं.

कुठे दिसतं? इथल्याच मॅनेजरांत. ते ऐकू येणारे आहेत. जेवण अर्धं झालं की टेबलाशी येऊन वाकतात, "कसं वाटतंय? सगळं ठीक? मुलाला काही वेगळं करून देऊ?" हे तीन प्रश्न मधे श्वास न घेता. मी घास गिळून पहिल्याचं उत्तर जुळवत असते. मग ते म्हणतात, "वेटरसोबत फोटो घेऊ या का?" नको. त्याला विचारलंत का, हेही मनात येतं. आणि गाणी! वेटरांना ऐकू येत नाहीत, माझ्यासारख्यांना झेपत नाहीत, तरी छताच्या चारही कोपऱ्यांत स्पीकर. रविवारी संध्याकाळी वाढदिवस असतात. दिवे एकदम मालवतात, परत भक्कन लावतात. अशाच एका वाढदिवसाला बाबू टेबलाखाली गेला आणि केक संपेपर्यंत तिथंच राहिला. मोठ्या वेटरनं खाली वाकून बघितलं आणि लस्सीचा पेला टेबलाखाली सरकवला. मॅनेजर विचारत होते, डॉक्टरांना बोलवायचं का.

एक सूचना आहे, खर्च शून्य. ऑटिस्टिक लोकांच्या मेळाव्यांत रंगीत बिल्ले लावायची पद्धत आहे. अमेरिकेतल्या 'ऑट्रीट' नावाच्या मेळाव्यातून ती पसरली. हिरवा म्हणजे या, बोला. पिवळा म्हणजे ओळखीच्यांनीच यावं. लाल म्हणजे कुणीच नको. तसे तीन रंगांचे पुठ्ठे टेबलावर ठेवा. दिवा लावायचं बटण आहेच, "येऊ नका" म्हणायलाही काहीतरी हवं. मी हे तिथल्या वहीत लिहून आले आहे. वेटरांना दाखवलं तर त्यांना लगेच कळेल. मॅनेजरांची खात्री नाही.

जेवणाचं थोडक्यात. ठेचा पनीर झणझणीत, कार्डावरच्या "तिखट"पेक्षा दोन पायऱ्या वर. दही कबाब मऊ, आत ओलसर, मला दुसरी प्लेट मागवावी लागली. कुलचे बरे, गार झाले की चामडं. दाल सांगाल तशी मिळते, वर लिहिलंच आहे. गुलाबजाम पाकात बुडून मेलेले. लस्सी घट्ट, मातीच्या पेल्यात, आणि बाबूसाठी महत्त्वाचं म्हणजे प्रत्येक वेळी अगदी तशीच. त्यांनी एकदा वर पिस्ते टाकले होते, बाबूनं "आवडत नाही" दाबलं, ते चमच्यानं काढले नाहीत, पेलाच बदलला. दोन मोठे आणि एक मूल मिळून साधारण २,२०० रुपये होतात. रोजचं ठिकाण नाही.

पार्किंग नावापुरतं आहे, रिक्षानं या. स्पीकर नसलेली जागा एकच, स्वयंपाकघराच्या दारापलीकडची, चार माणसांची. आरक्षणाच्या वेळी "दाराजवळचं टेबल" असं लिहून पाठवा. फोनवर सांगितलंत तर ते "शांत कोपरा" समजून खिडकीजवळचं देतात आणि तिथे रस्त्याचे हॉर्न. बटणाचा दिवा त्या टेबलाला थोडा लुकलुकतो, त्याचा त्रास होत असेल तर बटण न दाबता नुसता हात वर करा, लगेच येतात. पंधरा मिनिटं लवकर जाऊन मेन्यूकार्डाच्या पहिल्या पानाचा फोटो घरच्या मुलांना आधी पाठवलात तर फार बरं पडतं. सोमवारी बंद.